म्हाळाचे फोटो

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचा गुलाल अजून रस्त्याच्या कडेला साचलेला असतो, ढोलांनी बधिर झालेले कान अजून सुटलेले नसतात, तोवर फोन सुरू होतात. "ताई, म्हाळ हाय आमचा अष्टमीला. आप्पांचा फोटो करून पायजे. मोठा, फ्रेमचा." मी तारीख लिहून घेते, साईज लिहून घेते, आणि फोन ठेवते. हा पंधरवडा मला आवडत नाही. इतकी वर्षं झाली, अजून आवडत नाही.

पितृपक्षातल्या श्राद्धाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. ज्याच्या त्याच्या तिथीला घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालायचं. गल्लीगल्लीत वड्यांचा खमंग वास, गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघणारी माणसं, भाद्रपदातलं ते चामडी सोलणारं ऊन. लोक या दिवसांत नवं कापड घेत नाहीत, सोयरिकीचं बोलत नाहीत. सोनाराचं, कापडवाल्याचं दुकान ओस. आमचा मात्र हा हंगाम. गेलेल्या माणसाचं पान वाढायचं तर भिंतीवर त्याचा फोटो नको का? आणि नेमका फोटोच नसतो. असतो तो निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात शेवटच्या पंगतीत घास तोंडात असताना निघालेला.

मी हे काम शिकले ते दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी, गंगावेशीतल्या एका स्टुडिओत. डी.टी.पी.चा कोर्स झालेला, वय एकवीस, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की पोरगी कॉम्प्युटरवर बसते म्हणजे कुणीतरी मोठी झाली. श्रावणात लागले आणि भाद्रपदात हा पंधरवडा अंगावर आला.

स्टुडिओ दत्ताकाकांचा. उभा जन्म काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशनं रंग चढवण्यात गेलेला माणूस. कॉम्प्युटर त्यांनी घेतला, पण हात लावला नाही. माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसायचे, तोंडात सुपारी, आणि नजर पडद्यावर. मला बटणं ठाऊक होती. रंग त्यांना ठाऊक होता.

"अगं, ही बाई निळी पडलीया बघ."

"कुठं काका? बरी दिसतीय की."

"बरी? पाण्यातनं काढल्यावाणी दिसतीया. निळा उतरव. पिवळा घाल जरा. जरा म्हणलो, हळद लावायची न्हाय तिला!"

असं दिवसभर. ओरडायचे, पण शिकवायचे. माणसाचा चेहरा एका रंगाचा नसतो, हे मला त्या स्टुलावरनं कळलं. कपाळ पिवळसर असतं, गालाला आणि नाकाच्या शेंड्याला तांबूस छटा असते, ओठांच्या कडेला किंचित हिरवट. सगळीकडे एकच रंग फासला की माणूस बाहुली होतं. लाल वाढला की दारू प्याल्यासारखं दिसतं. निळा वाढला की, काका म्हणायचे तसं, तिरडीवरचं. मी घरी जाताना एस.टी.त समोर बसलेल्यांचे चेहरे निरखत बसायचे, म्हणजे याच्यात लाल किती, त्याच्यात पिवळा किती. एका म्हातारीनं मला विचारलंसुद्धा, "काय गं, वळकीची हाईस का?"

रंग बदलायचा तर आधी जागा निवडावी लागते. हे सगळ्यात किचकट. गाल उजळायचा असेल तर तेवढ्याच गालाभोवती रेघ ओढत जायचं, हात न हलवता, न थरथरता. रेघ सुरुवातीला येऊन मिळाली की तिचे तुकडे होऊन ते सरकायला लागतात, बारीक मुंग्यांची रांग फिरते तसे. आम्ही त्यांना मुंग्याच म्हणायचो. "बसल्या का मुंग्या?" काका विचारायचे. मुंग्यांच्या आत जे असेल त्याचं काय वाटेल ते करा, बाहेरच्याला धक्का लागत नाही. कड मात्र मऊ ठेवायची, नाहीतर कात्रीनं कापून डकवल्यासारखी दिसते. पहिल्या महिन्यात माझ्या हातून कितीतरी लोकांचे कान गेले.

हसायचोही खूप. काकांनी एका निळ्या कोटाचा फोटो काढून ठेवला होता, टाय लावलेला. ज्याच्या फोटोत अंगात बनियन असेल त्याला तो कोट घालायचा. त्या पंधरवड्यात करवीर तालुक्यातल्या निम्म्या आजोबांना मी तोच कोट चढवला. एकाचा नातू फोटो न्यायला आला आणि बघतच राहिला. म्हणाला, "आमच्या आज्ज्यानं जल्मात धोतराबिगर काय घातलं न्हाय हो." मी घाबरले. मग तोच म्हणाला, "पण झ्याक दिसतोय की म्हातारा! साखर कारखान्याचा चेअरमनच!" काका इतके हसले की सुपारी घशात गेली.

हे सांगतेय ते मुद्दाम. मला वाईटच तेवढं आठवतं असं वाटायला नको. पण आठवायला बसलं की पाय तिकडेच वळतात.

काही फोटो मयताचे असत. जिवंतपणी एकही फोटो नाही, म्हणून उचलायच्या आधी गावातला फोटोग्राफर बोलावून काढलेले. भिंतीला टेकवून बसवलेलं माणूस, गळ्यात हार, डोळे मिटलेले. असा फोटो भिंतीवर कसा लावायचा? मग आमच्याकडे यायचे. "डोळं तेवढं उघडून द्या." किती सहज म्हणायचे लोक! भावाचे डोळे, मुलाचे डोळे, ज्याचे जुळतील त्याचे घेऊन बसवायचे. त्वचेतला निळा काढून लाल-पिवळा भरायचा. मेलेलं माणूस बघता बघता जिवंत दिसायला लागायचं. काकांचं म्हणणं, ज्याला हे जमलं त्याला सगळं जमलं.

षष्ठीच्या दुपारी शाहूवाडीकडचा एक माणूस आला. पांढरे कपडे, बोलणं नम्र, हातात पाकीट. त्याच्या धाकट्या भावाची बायको गेल्या वर्षी आषाढात वारली होती. "दोन दिसांत ताप डोसक्यात गेला," तो म्हणाला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान अहेव नवमीला वाढतात, म्हणून त्याला तीन दिवसांत फोटो हवा होता. सविता तिचं नाव. वय माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी जास्त.

पाकिटात एकच फोटो. भिंतीला टेकवून बसवलेली, मान डावीकडे कललेली, कपाळभर कुंकू, हिरवी साडी. फोटोत तोंड नीट यावं म्हणून पदर मागे सारलेला. त्या माणसानं बोट ठेवून दाखवलं. "डोळं उघडा. आन् हितं, जबड्याखाली, जरा काळपट आलंय. फ्लॅशची सावली हाय ती. तेवढं साफ करा."

मी फोटो स्कॅन केला. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून दाराचा पडदा ओढला आणि जबडा मोठा करून बघितला.

सावलीला स्वतःचा रंग नसतो. कातडी जी असेल तीच, फक्त अंधारात गेलेली. हे काकांनीच मला शिकवलं होतं, आठ दिवसांपूर्वी. या ठिकाणी मध्ये जांभळा होता. त्याच्या बाहेर तपकिरी. आणि कडेला, कानाच्या पाळीकडे, पिवळसर हिरवा. आमच्या शेजारच्या वहिनींच्या दंडावर मी तो रंग बघितला होता. त्या म्हणायच्या, न्हाणीत पाय घसरला. वळ उठतो तेव्हा तो हिरवा नसतो. चार-सहा दिवस गेले की कडेनं हिरवा होत जातो. म्हणजे ताप यायच्याही आधीचं हे.

"काका," मी म्हटलं, "ही सावली न्हाय."

काका पुढे वाकले. बराच वेळ बघितलं त्यांनी. ज्या माणसाला एका नजरेत निळा-पिवळा कळायचा, त्याला कळलं नसेल असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. मग मागे सरकून म्हणाले, "गिऱ्हाईक सांगतंय तेवढं करायचं. आपण पोलीस हाय का डाक्टर हाय?"

डोळ्यांचा प्रश्न होता. तिचा उघड्या डोळ्यांचा फोटो त्या माणसाकडे नव्हता. काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं घे की. वय बी तेवढंच हाय." मला तिच्यासारखी मान कलवून स्टुलावर बसवलं आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं माझा फोटो काढला. मी माझ्या डोळ्यांभोवती मुंग्या बसवल्या, ते उचलले आणि तिच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवले.

मग जबडा. दुसऱ्या गालावरची चांगली कातडी घेतली, कड मऊ केली, वर ठेवली. आधी जांभळा झाकला, मग तपकिरी. हिरवा शेवटपर्यंत डोकं वर काढत होता. त्याच्या उलटा रंग, तांबडा, अगदी थोडा थोडा भरत गेले. दीड तास लागला. आणि खोटं कशाला सांगू, शेवटी तो गाल स्वच्छ झाला तेव्हा मला आनंद झाला. जमलं म्हणून! सविता माझ्याकडे बघत होती, जिवंत, गालावर एक डाग नाही. काका म्हणाले, "आता तू कारागीर झालीस बघ." त्या शब्दांनी मी दिवसभर हवेत होते. आज त्याच दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आमच्या कॉम्प्युटरची डिस्क लहान. त्यामुळे स्टुडिओचा नियम होता, एका फोटोची एकच फाईल ठेवायची. काम झालं की वर चढवलेले सगळे थर एकत्र करायचे आणि त्याच नावानं सेव्ह करायचं, मूळ स्कॅनवर. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते, मूळ फाईलला हात लावायचा नाही, आधी नक्कल करून घ्यायची. ती मान डोलावतात. का सांगते ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी बटण दाबलं आणि खालची सविता गेली. पाकिटातला फोटो नवमीच्या आदल्या दिवशी तो माणूस घेऊन गेला. निगेटिव्ह त्याच्याच घरात होती.

द्वादशीला एक बाई आली. पन्नाशीची, पायांत रबरी चपला, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. दारातूनच म्हणाली, "ह्यो फोटो कुणी केला?" फ्रेमच्या मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का होता, त्यावरून विचारत आलेली. सविताची आई. नवमीला जावयाच्या घरी जेवायला गेली होती आणि लेकीच्या आठवणीला म्हणून फोटो मागून आणला होता.

मी पाणी दिलं. तिनं पेल्याला हात लावला नाही. फ्रेम मांडीवर घेतली, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. परत फोटोकडे.

"ह्ये डोळं माझ्या लेकीचं न्हाईत. तिचं घारं हुतं." मग हळूच म्हणाली, "तुझं हायती की गं ह्ये."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. माझा हात धरून तिनं मला शेजारी बसवलं. "मग तू बघितली असशील तिला. माझ्यापरास जवळनं बघितली असशील. आमास्नी सांगावा उशिरा धाडला. मी पोचलो तवा पदर गच्च आवळलेला हुता हनवटीपत्तर. तोंड बघू दिलं, गळा बघू दिला न्हाय. आन् नवमीला एक बाई पाणी वाढता वाढता कानात म्हणली, जबड्याखाली काळं हुतं म्हणून. खरं का?"

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"मूळचा फोटो दाव मला. गेल्तो मागायला, तर ती म्हणत्यात, स्टुडिओवाल्यानं ठिवून घेतला."

"मावशी, तो त्यांनीच नेला. आणि इथला... इथला पुसला गेला."

"बरं. पुसला तर पुसला. तुझ्या ध्यानात असंल की." तिनं हात सोडला नव्हता. खरखरीत, गरम हात. "धाकटीला मागत्यात गं. सुवर्णाला. त्याच घरात, त्याच दाल्ल्याला. दसऱ्याला सुपारी फोडायची म्हणत्यात. माझा मालक म्हणतोय देऊया, घर माहितीतलं हाय, हुंड्याचं काय न्हाय. मी म्हणलो, मला आदी कळू दे. तू शिकलीली हाईस. दिसभर रंगच बघतीस. काळं हुतं का? का सावली हुती?"

एवढंच विचारायला ती बाई दोन एस.टी. बदलून आली होती. एका शब्दाचं काम होतं.

काका काउंटरवर होते. हातातली पावती लिहायची थांबली होती. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, आणि मान अगदी बारीक, नाही अशी हलवली त्यांनी. पण काकांवर ढकलून मी सुटणार नाही. त्यांनी मान हलवली नसती तरी मी काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांसमोर तो पांढऱ्या कपड्यांतला नम्र माणूस आला. पोलीस ठाण्याचं बाकडं आलं. माझे वडील आले, ‘पोरगी कसल्या भानगडीत सापडली’ म्हणणारे. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. काळं होतं म्हटलं असतं, तर तिनं पुढचं विचारलं असतं. मग ते कुणी पुसलं?

"सावली होती, मावशी," मी म्हटलं. "फ्लॅशची."

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. वर्षभर छातीवर दगड असावा आणि कुणीतरी उचलावा तसा. मग पेला उचलून सगळं पाणी एका दमात प्यायली. उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लई उपकार झालं बाय तुझं. जिवाला नुसता घोर लागल्याला." जाताना पिशवीतून काकडी काढून टेबलावर ठेवली, शेतातली. मी ती खाल्ली नाही. टाकवलीही नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी चिरून सगळ्यांना वाटली.

"बरं केलंस," काका म्हणाले. त्या एका वाक्यावर मी त्यांच्याशी मनातल्या मनात अजून भांडते.

पुढचे दहा-बारा दिवस मी रोज ठरवत होते. दसऱ्याच्या आधी एक दिवस काकांना पोट दुखतंय असं सांगून शाहूवाडीकडच्या मलकापूरच्या एस.टी.त बसलेही. खिडकीबाहेर भात पोटरीला आलेलं, सगळीकडे हिरवं. काय बोलायचं ते जुळवत होते. मावशी, माझी चूक झाली. मावशी, तो रंग मी डोळे मिटून आत्ता मिसळून दाखवते. मलकापूरच्या स्टँडवर उतरले, मावशींच्या गावाला जाणारी गाडी समोर लागली, कंडक्टरनं विचारलंही, "पावणं, येणार का?" मी नाही म्हटलं. चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसले. बस, एवढंच माझं शौर्य.

तुळशीची लग्नं झाल्यावर तोच पांढऱ्या कपड्यांतला माणूस रोल धुवायला घेऊन आला. भावाचं लग्न, नवरीच्या घरीच, साधंच. फोटो पडद्यावर घेतले. सुवर्णा एकोणीस-वीसची असेल. बहिणीसारखीच हनवटी, मुंडावळ्यांतून वर बघणारे घारे डोळे. तिच्या मागे भिंतीवर माझी फ्रेम टांगलेली, हार घातलेली. काका म्हणाले, नवरीचा चेहरा जरा उजळ कर. मी मोठा करून तिचा जबडा बघितला. कातडी स्वच्छ होती. मी तिथेच बसून रडले, आणि काकांनी विचारलं नाही.

आता काका नाहीत. स्टुडिओ माझा आहे. मशीन बदलली, डिस्क एवढी मोठी की भरता भरत नाही. जे काम आम्हाला दीड तास लागायचं ते पोरं पाच मिनिटांत करतात आणि मोबाईल बघत बसतात. रंगाचं ज्ञान कुणालाच नको आहे. मी मात्र प्रत्येक मूळ फोटो ठेवते, दोन ठिकाणी ठेवते. लोक हसतात मला, ताई रद्दी साठवते म्हणून. इतक्या वर्षांत मूळ फोटो मागायला कुणीही आलेलं नाही.

यंदाही पक्ष लागलाय. अहेव नवमीच्या ऑर्डरी मी पोरांना घेऊ देत नाही, त्या मीच घेते. शाहूवाडीकडचं गिऱ्हाईक पाकीट पुढे करतं, सांगत असतं, वहिनी हाय आमची, नाहीतर भावजय हाय, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नाही. फोटो अर्धा बाहेर काढते आणि आधी डोळ्यांचा रंग शोधते. मिटलेले असले तर हनवटी बघते.

अजून तरी सुवर्णा आलेली नाही.